उपयोग काय?

आमच्या नांदगाव खंडेश्वरला नवीन पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी आवर्जून दाखवतात. एक म्हणजे खंडेश्वराचं जुनं देऊळ आणि दुसरी म्हणजे माझ्या घरावरची तार. देऊळ पाहून पाहुणा हात जोडतो. तार पाहून तो माझ्याकडे वळतो आणि मोठ्या आपुलकीने विचारतो, "मोबाईल असताना हे कशाला? याचा उपयोग काय?"

गेली अकरा वर्षं मी हा प्रश्न हसून घेत आलो. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेला माणूस हसून घेण्यात तरबेज असतो. पण गेल्या महिन्यात दोन गोष्टी अशा घडल्या की आता हसू येत नाही. त्या पुढे सांगतोच. तूर्त एवढंच, की हा लेख म्हणजे माझं उत्तर आहे आणि ते जरा तिखट आहे. ज्यांना वऱ्हाडी ठेचा सोसत नाही त्यांनी खुशाल पुढचं पान उघडावं.

आधी ती तार म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण तिच्याबद्दल गावात तीन मतं आहेत. एका मते ती कपडे वाळत घालायची तार असून मी मूर्खासारखी फार उंच बांधली आहे. दुसऱ्या मते ती माकडांसाठी आहे. मात्र माकडं यावीत म्हणून की येऊ नयेत म्हणून, यावर त्या गटात फूट आहे. तिसरं मत चौकशीला आलेल्या हवालदारांचं होतं. ते लायसन्स आणि चहा पाहून निवळलं.

वस्तुतः ती अँटेना आहे. प्रस्तुत लेखक हौशी रेडिओचालक आहे. या जमातीला जगभर 'हॅम' म्हणतात. म्हणजे नुसता ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचासुद्धा. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. मी ती नागपूरला जाऊन दिली. रेडिओचा सिद्धांत आणि नियम अशा दोन्ही भागांत पास झालो. बी.कॉम.ला ऑडिटिंगमध्ये जितके मार्क मिळाले होते त्याहून जास्त मार्कांनी झालो, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

वाणिज्य शाखेच्या माणसाने घाबरावं असं या तारेत काही नाही. लहरीची लांबी मीटरमध्ये काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे ४२ मीटर येते. अँटेनाला तिच्या निम्मी लांबी लागते, त्यातूनही शेकडा पाच कापून घ्यायचे. हे टीडीएससारखं आहे. कशासाठी ते नीट कळलं नाही तरी कापावेच लागतात. उरले २० मीटर, म्हणजे ६६ फूट. मधोमध तोडून दोन्हीकडे ३३-३३ फूट ताणायची, मध्ये आणि टोकांना चिनी मातीचे किंवा पीव्हीसी पाइपाचे तुकडे, आणि मधून खाली सेटपर्यंत केबल. माझं एक टोक निंबाला आहे आणि दुसरं पाण्याच्या टाकीच्या खांबाला. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळपासूनही ही तार न्यायची नाही, एवढं एक कलम पाळलं तर बाकी चुका जीव घेत नाहीत.

चुका मात्र होतात. पहिल्या खेपेला मी दोन्ही बाजूंना ६६-६६ फूट ओढली. एकच रक्कम दोनदा नावे टाकली. सेटने ते व्हाउचर पास केलं नाही. दुसऱ्या खेपेला रागाच्या भरात जास्तच कापली. तेव्हा सांगतो, तार आधी फूटभर जास्त ठेवावी आणि मीटरकडे बघत बोटबोट कमी करत यावं. कापून टाकलेला तुकडा परत जोडत बसणं हे थकलेलं कर्ज वसूल करण्याइतकंच कष्टाचं काम आहे.

आता मूळ प्रश्न. मोबाईल असताना हे कशाला?

मोबाईल तुमचा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? हातातली डबी तुमची. टॉवर दुसऱ्याचा, जमिनीतली केबल तिसऱ्याची, तिच्यावरचा रस्ता चौथ्याचा आणि तो रस्ता कधीही उकरणारा जेसीबी पाचव्याचा. या पाचांचं जमलं तर तुम्ही बोलता. आमच्या शाखेत दर आठ-पंधरा दिवसांनी एक दुःखद घोषणा होते, "लिंक नाही." घोषणा झाली की कॉम्प्युटर, प्रिंटर, एसी, इन्व्हर्टर आणि आम्ही सगळे जागच्या जागी शोभेचे होतो. एकदा अशाच वेळी एक म्हातारे शेतकरी पासबुक घेऊन उभे होते. तासभर थांबले आणि मग म्हणाले, "साहेब, माहे पैसे तं इथंच हायेत ना? मंग लिंक कायले पाह्यजे?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. साहेबांनाही सापडलेलं नाही, पण ते साहेब असल्यामुळे त्यांनी "सर्व्हर" असा शब्द उच्चारला.

माझी तार आणि चेन्नईच्या एखाद्या निवृत्त पोस्टमास्तरांची तार यांच्यामध्ये मात्र कोणी नाही. आहे ते वर दोन-तीनशे किलोमीटरवर पसरलेलं आयनांबर. लहर तिथून वळून खाली येते. त्याला भाडं नाही, रिचार्ज नाही आणि जेसीबी तिथवर पोचत नाही. ते फक्त सूर्याच्या मर्जीने चालतं. दिवसा त्याचा खालचा एक थर लहरी गिळून टाकतो, दिवस बुडाला की तो थर विरतो. लहानपणी दिवसा न लागणारी दूरदूरची मिडियम वेव्हची स्टेशनं रात्री जेवणं झाल्यावर कशी खणखणीत लागायची, ते आठवा. वडील म्हणायचे, "रात्री हवा स्वच्छ असते रे." शास्त्र चुकलं, निरीक्षण बरोबर. आज आपल्यापैकी कितीजणांचं निरीक्षण तरी बरोबर आहे? फोन लागला नाही की आपण तो वर धरून अंगणात गोल फिरतो. देवाला ओवाळतानासुद्धा आपण इतक्या भक्तीने फिरत नाही.

आणि ४२ मीटर हा आकडा काही माझ्या निंबावर उगवलेला नाही. १९४२ च्या चळवळीत मुंबईत काँग्रेस रेडिओ नावाचं गुप्त केंद्र चालायचं. उषा मेहता तेव्हा कॉलेजच्या वयाच्या होत्या. पोलिसांचा सुगावा लागायच्या आत बिऱ्हाड बदलत, पेट्या उचलून ही मंडळी नव्या जागेतून बोलायची. एका तंत्रज्ञाच्या फितुरीने १२ नोव्हेंबर १९४२ ला सगळा कारभार पकडला गेला. ते केंद्र स्वतःचा पत्ता सांगत नसे, फक्त लहर सांगे: ४२.३४ मीटर. हिशोब करून पाहा, ७.०९ मेगाहर्ट्झच्या आसपास येतं. म्हणजे माझी तार जिथे ऐकते तिथेच. तेव्हा त्यांना कोणी विचारलं असेल का, की सरकारी रेडिओ असताना हे कशाला? विचारलं असणारच. विचारणारे सगळ्या काळात असतात.

फार लांब जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर सरकारने हौशी रेडिओवाल्यांची पथकं तिकडे पाठवली. २००१ च्या भुजच्या भूकंपानंतरही पाठवली. आणि अंदमानची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी सेट घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते. कशाला? तर अंदमानहून जगभरच्या हॅम मंडळींशी बोलायला. निव्वळ हौस. २६ तारखेला त्सुनामी आली, बेटांचे फोन तुटले आणि तिथली खबर बाहेर पोचवायला तोच हौशी सेट कामाला आला. २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत त्या सेटचा उपयोग काय होता? काही नाही. उपयोग हा असा न कळवता येणारा पाहुणा आहे. तो येईल तेव्हा घरात कोणीतरी असावं लागतं.

पण म्हणून मी काही भूकंपाची वाट पाहत तारेखाली बसलेलो नाही. खोटं कशाला बोलू? उरलेले सगळे दिवस आम्ही एकमेकांना सिग्नल कसा येतो, पाऊस पडतो का आणि सेट कोणता, एवढंच सांगत असतो. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गुलाबाच्या फुलांच्या गुड मॉर्निंगपेक्षा यात जास्त अर्थ आहे, असा माझा दावा नाही. फरक एवढाच, की माझं गुड मॉर्निंग कोणत्या वाटेने गेलं ते मला ठाऊक असतं.

हे ठाऊक असणं मी शिकलो ते स्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. त्या मिस्त्रींचं शिक्षण सातवीपर्यंत झालं होतं आणि अमरावतीच्या कॉलेजातली पोरं त्यांच्याकडे प्रोजेक्ट घेऊन यायची. एसएल १०० ट्रान्झिस्टरचे पाय ते न बघता नुसत्या बोटांनी ओळखत. शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर. त्यांनी मला पहिला धडा दिला तो सोल्डरचा, "कथील नोको तापवू लेका, तार तापव. तार तापली का कथील आपल्या मनानं वाह्यते." नेमकं हेच लोक करत नाहीत. इस्त्रीसारखं टोक कथिलाला लावतात, ते थेंब थेंब सांध्यावर टपकतं आणि वरून छान दिसतं. आत मात्र चिकटलेलं नसतं. चांगला सांधा गुळगुळीत आणि चकचकीत असतो, कोरडा सांधा राखेसारखा दाणेदार. आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, त्या कथिलात शिसं असतं. शेवटची सूचना आमच्या मातोश्रींची, पण शास्त्राला धरून.

हीच विद्या पुढे शेजारच्या मास्तरांच्या मुलीने माझ्याकडून घेतली. आठवीत होती. एके दिवशी कठड्यावरून वाकून म्हणाली, "काका, या दाण्यांवर रंगाच्या पट्ट्या कशाच्या?" अकरा वर्षांत गावाने मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी म्हटलं, ये.

त्या पट्ट्या म्हणजे आकडे. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. पहिले दोन रंग आकडे, तिसरा रंग पुढची शून्यं. तिने अर्ध्या तासात पाठ केले. मला पंधरा दिवस लागले होते. मग ओहमचा नियम. तो सरळव्याजासारखाच आहे, यातल्या दोन गोष्टी ठाऊक असल्या की तिसरी निघते. १२ व्होल्टची बॅटरी आहे. लाल एलईडी स्वतःसाठी साधारण २ व्होल्ट ठेवून घेते. उरले १०. तिच्यातून १० मिलिअँपिअर प्रवाह जायला हवा. १० भागिले ०.०१ बरोबर १००० ओहम. म्हणजे तपकिरी, काळा, लाल. हा दाणा मध्ये न घालता एलईडी थेट बॅटरीला जोडली तर ती एकदाच डोळे दिपवणारा उजेड पाडते आणि संपते. बढती मिळालेल्या काही लोकांचं असंच होतं.

बाकीचं तिला हातानेच कळत गेलं. मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत येतो, पण आधी मोजायचं आणि मग बटण दाबायचं ही अक्कल त्याच्या डब्यात येत नाही. बॅटरीच्या अधिक टोकाला अगदी लागून फ्यूज हवा, कारण वाटेत कुठेही तार घासली तरी आधी फ्यूज जावा, घर नव्हे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो, ती त्याची उणे बाजू. उलटा लावला तर फुटतो. आमच्याकडे नावेचं जमा झालं तर दुसऱ्या दिवशी उलटी नोंद करता येते. कपॅसिटर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही.

एकदा माझा सेट मधूनच मुका होऊ लागला. मी आठ दिवस सर्किटचा नकाशा पसरून बसलो. सौ.ने जेवणाचं ताट नकाशावरच ठेवायला सुरुवात केली. नवव्या दिवशी ही पोरगी आली, पेन्सिलीच्या लाकडी टोकाने एकेक सांधा हळूच दाबत गेली आणि म्हणाली, "काका, हा पाहा. राखेसारखा आहे." तो सांधा मीच मारलेला होता.

तारेइतकाच गावाला खटकलेला माझा दुसरा उद्योग म्हणजे अर्थिंग. घराशेजारी खड्डा खणून त्यात पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ घातलं. आपली काळी माती यासाठी झकास. ओल धरून ठेवते. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइप मातीपासून सुटतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी मी तिथे बादलीभर पाणी ओततो. समोरचे भाऊ बरेच दिवस पाहत होते. शेवटी राहवलं नाही. "काय हो साहेब, पायपाले पानी टाकून रायले? उगवते काय थो?"

उगवत नाही, पण वाचवतो. तोही पुरता नाही, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. जूनच्या पहिल्या वादळात ढग दिसताच केबल सेटपासून सोडवून घराबाहेर टाकायची, हा नियम मला तोंडपाठ होता. परीक्षेत लिहिलाही होता. पण त्या दिवशी घरात भजी तळत होते. "एवढा घाणा खाऊन उठतो" असं मी मनाशी म्हटलं. वीज घरावर नव्हे, पलीकडच्या वावरात पडली. तेवढ्याने सेटचा पुढचा भाग गेला. आमच्याकडे विजेने दरवर्षी माणसं दगावतात, माझं भज्यांवर निभावलं. गावाने दुसऱ्या दिवशी येऊन सांत्वन केलं, "पाहा, म्हणून म्हणत होतो, उपयोग काय?" या बाबतीत गावाची चिकाटी आमच्या वसुली विभागाने शिकण्यासारखी आहे.

आता थोडं आमच्याच बिरादरीविषयी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. आमच्यात एक नवा वर्ग निघाला आहे. हे लोक सव्वा लाखाचा सेट आणतात, त्याची चादर घालून पूजा करतात, फोटो काढतात आणि फ्यूज गेला की दुकानदाराला फोन करतात. मोबाईलवरून! प्रश्नपेढी पाठ करून पास झालेले, पण मीटरचा काळा वायर कुठे आणि लाल कुठे, हे सांगता येत नाही. दुसरा वर्ग याहून धाडसी. त्याला परीक्षाच नको. बाजारातून स्वस्तातला वॉकीटॉकी आणायचा आणि लग्नाच्या वरातीत 'बँडवाल्यांना पुढे घ्या, ओव्हर' सुरू. लायसन्स नसताना असं बोलणं गुन्हा आहे, आणि आपण कुणाच्या कामाच्या लहरीवर वरात नेत आहोत याचा या शहाण्यांना पत्ता नसतो. आमचा साधा नियम आहे, आधी ऐकायचं. मिनिटभर ऐकायचं, कोणी बोलत नाही ना पाहायचं, वाट मोकळी आहे का विचारायचं आणि मग तोंड उघडायचं. हा नियम ग्रामसभेला लावला तर सभा होणारच नाही, ही गोष्ट वेगळी.

तर गेल्या महिन्यात घडलं ते असं. मिस्त्री वारून बराच काळ झाला. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं आणि काचा मिळतात. माळ्यावर त्यांचा सगळा संसार पडून होता: कॉइली, गँग कंडेन्सर, व्हॉल्व्ह, डब्याडब्यांत वेगळे करून ठेवलेले ट्रान्झिस्टर, आणि कुठल्या रेडिओत काय बिघडलं होतं ते लिहिलेल्या वह्या. मला कळलं तोवर भंगारवाला घेऊन गेला होता. तांबं वेगळं, पत्रा वेगळा, वह्या रद्दीत. मी त्यांच्या मुलाला म्हटलं, अरे, एक शब्द सांगायचा होतास. तो बिचारा चांगला आहे. म्हणाला, "काका, त्याचा काई उपेग नोता ना पन."

आणि त्याच आठवड्यात मास्तर आले. पोरगी आता दहावीत गेली. चहा घेतला, तारेकडे पाहिलं आणि संकोचून म्हणाले, "साहेब, राग नोका मानू. हिले आता नाई पाठवत. याचे काई मार्क भेटत नाईत." मी काय बोलणार? मार्क भेटत नाहीत, हे खरं आहे. ज्या मुलीने माझा कोरडा सांधा आठ मिनिटांत शोधला ती आता विज्ञानात विद्युतधारेचा धडा पाठ करते आहे. कठड्यावरून तिचा आवाज येतो. ओहमचा नियम ती चार ओळींत म्हणते, तेच चार शब्द, पुन्हा पुन्हा. माझ्याकडे तिचा सोल्डरिंग आयर्न आहे. तो मी परत द्यावा की ठेवावा, ते ठरत नाही.

परवा शाखेत पुन्हा लिंक गेली. या वेळी रस्त्याच्या कामात केबल तुटली होती आणि मोबाईलचीही रेंज तिच्याबरोबरच गेली. बाहेर रांग दारापर्यंत. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "अहो, तुमची ती तार... तिच्यावरून विभागीय कार्यालयाला काही कळवता येईल का?"

अकरा वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो. पण नियमांच्या पेपरात मला चांगले मार्क आहेत. मी म्हटलं, "साहेब, हौशी परवान्यावर धंद्याचा निरोप पाठवता येत नाही. मनाई आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. मी घाईने बाहेर येऊन सतरा नंबरचं टोकन पुकारलं.